काठी तीच, झेंडा नवा

आमच्या शेजारच्या पेडणेकरकाकांनी गणपतीत पक्ष बदलला, नवरात्रात पुन्हा बदलला आणि दिवाळीचा कंदील उतरायच्या आत तिसऱ्यांदा बदलला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला दिल्लीत पक्षांतराविरुद्ध कायदा झाला होता. विक्रोळीच्या आमच्या चाळीत जो तो म्हणायचा, "काकांची बातमी वर आधीच पोचली होती वाटतं!"

काका म्हणजे कंपनीतून रिटायर झालेले फिटर, मूळचे मालवणचे. वर्षानुवर्षं कट्टर छत्रीवाले. काकी तर त्यांच्याहून कडक. नळाला पाणी येईना तेव्हा होडी पक्षाचा पुढारी नुसतीच आश्वासनं वाटायला आला होता. काकींनी कपडे वाळत घालायची काठी उचलली आणि त्याला पार रस्त्यापर्यंत पोचवून आल्या. अख्खी चाळ गॅलरीत उभी राहून टाळ्या पिटत होती.

तीच काठी आता काकांच्या झेंड्याला. फडकं तेवढं बदलायचं. छाती काढून घरात शिरायचे, खाटेसमोर उभे राहायचे आणि गरजायचे, "आजपासून मी दिव्यावालो! छत्रीवाले सगळे चोर!"

खाटेवर काकी भिंतीकडे बघत पडलेल्या. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तोंडातून एक शब्द नाही.

आमची भिंत एकच. सगळं ऐकू यायचं आणि माझं डोकं फिरायचं. एकदा काकींसाठी पेज घेऊन गेले, तर स्वारी दाराला नांगरवाल्यांचा झेंडा बांधतेय! मी सरळ झापलं, "काका, लाज वाटते का काही? बायको अशी पडलीय आणि तुमचे हे धंदे? तिकीटबिकीट पाहिजे काय?"

काका मला गॅलरीत घेऊन गेले. आवाज एकदम खाली.

"सुमन, डॉक्टर म्हणतत, वाचा परत येऊक शकता. गोड बोलान बघलंय, रडान बघलंय. आता हिका राग आणूचो तेवढो ऱ्हवलो. पयलां मी तोंड उघडलंय की ही माका झापत होती गो. आता घर खावक उठता."

मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, "मग काका, होडी कशाला शिल्लक ठेवलीत?"

काका दचकले. "होडी? ती माका जिवंत सोडूची नाय!"

"मग तेच तर पाहिजे ना!"

शेवटी दिवाळीत धीर करून काका होडीचा झेंडा घेऊन आले. मी दारात उभी.

"ऐकलंस? आजपासून मी होडीवालो!"

काकींनी मान वळवली. आधी झेंडा बघितला, मग काठी. ओठ वाकडे हलले.

"का... काठी... माजी. ठेव थंय."

काका खालीच बसले. हसत होते की रडत होते, देवाला ठाऊक. "परत बोल गो," म्हणाले, "शिवी घाल माका."

सकाळी काठी गॅलरीत होती आणि तिच्यावर काकींचं पातळ वाळत होतं. खालून कुणीतरी ओरडलं, "काय काका, आज कुठला पक्ष?"

"हिचो!" काका ओरडले, आणि आतून काही ऐकू येतंय का म्हणून लगेच घरात पळाले.