झेरॉक्स बंद हाय

"मराठी तू टाइप कर, इंद्रजीत. पण अरबी हातानं टाइप करायचं नाही," जुबेदा टीचरांनी सकाळीच बजावलं. "एक नुक्ता, नुसतं टिंब, इकडचं तिकडं झालं तर अर्थ बदलतो."

उर्दू शाळेत अरबी शिकवून निवृत्त झालेल्या टीचर आईवडिलांच्या सेवेवर मराठीत छोटी पुस्तिका काढत होत्या. त्यात कुराणातल्या काही आयती, म्हणजे वचनं, मूळ अरबीत हव्या होत्या. त्यासाठी भाच्याकडून त्यांनी पेनड्राइव्हवर एक सॉफ्टवेअर आणलं होतं. ते वर्डला जोडायचं, अध्याय निवडायचा, आयतीचा नंबर द्यायचा, की आयत बिनचूक पानावर येते. "दुपारी येते," म्हणून त्या गेल्या.

इंद्रजीतचं सोलापुरात होटगी रोडला टायपिंगचं दुकान होतं. त्यानं सॉफ्टवेअर बसवलं. लगेच पडद्यावर गच्च अरबी मजकूर उघडला. ते राहू दे म्हणून त्यानं आधी एका अर्जाची प्रिंट द्यायला घेतली. बटण दाबलं, पण पुढं होता तो अरबी मजकूर. प्रिंटर सुटला. थांबवायला जावं तर बटण अडकलेलं. दोन पानं फरशीवर पडली.

"आरं आरं! देवाचं हाय ते!" कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या मथुराबाई, म्हणजे इंद्रजीतची आई, ओरडल्या. "उचल! आदी हात धू!"

हात धुऊन त्यानं पानं गोळा केली. अख्खा अध्यायच छापला गेलाय, याबद्दल त्याला शंका उरली नाही. पण ठेवायची कुठं? टेबलावर चहाचे डाग, खुर्ची बसायची, फळीवर शाईच्या बाटल्या. स्वच्छ जागा एकच, झेरॉक्स मशीनचं झाकण. मथुराबाईंनी त्यावर कोरा खण अंथरला, पानं ठेवली आणि उडायला नकोत म्हणून पंखाही बंद केला.

तेवढ्यात कुंभारी गावचा धुळा आला. "आधारची झेरॉक्स काडा की."

"झेरॉक्स बंद हाय," इंद्रजीत म्हणाला.

"का वं?"

"वर देवाचं हाय," मथुराबाई म्हणाल्या.

धुळानं मुकाट्यानं चप्पल बाहेर काढली आणि हात जोडून उभा राहिला. त्याच्या मागून आलेल्यांनी त्याची चप्पल बघून आपापल्या काढल्या. दाराशी चपलांचा ढीग झाला. आत सोलापूरचं ऊन, पंखा बंद, आणि घाम पुसत गप्प उभी असलेली माणसं. काय चाललंय ते कुणालाच नीट माहीत नव्हतं, पण मोठ्यानं विचारायची कुणाची छाती होईना.

टीचर आल्या त्या दारातच थबकल्या. "या अल्ला! कोण गेलं?"

"कोण न्हाई, टीचर," इंद्रजीत रडवेला झाला. "माझ्याकडनं चूक झाली. एक आयत पायजे होती, मी सगळा अध्यायच छापला. पानं खाली पन पडली. आता ती ठेवायची कुटं, तुमीच सांगा."

टीचरांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, हात धुतले आणि पहिलं पान उचललं. वाचता वाचता त्यांचे खांदे हलू लागले. धुळानं मान खाली घातली.

पण टीचर हसत होत्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अरे, हे कुराण नाही. सॉफ्टवेअर कसं वापरायचं त्याची माहिती आहे! हे बघ, काय लिहिलंय. 'प्रोग्रॅम अडकल्यास कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करावा.'"

पंखा सुरू झाला. धुळाची झेरॉक्स निघाली. गर्दी जरा हिरमुसूनच पांगली.

मग टीचरांनी शेजारी बसून अध्याय एकतीस, आयत चौदा निवडायला लावली. इंद्रजीतनं बटण दाबलं आणि मराठी ओळींच्या मधोमध आयत अलगद येऊन बसली.

"काय लिवलंय त्यात?" मथुराबाईंनी विचारलं.

"आईनं लेकराला पोटात वाढवताना थकव्यावर थकवा सोसला. म्हणून माणसानं आईबापाशी नीट वागावं, त्यांचे उपकार मानावेत."

मथुराबाईंनी हातातली वात खाली ठेवली. मग म्हणाल्या, "इंद्रजिता, ह्ये मराठीत मोठ्या अक्षरात काड. आन् फ्रेम कर."

तेव्हापासून दुकानात दर्शनी भिंतीवर ती फ्रेम आहे. इंद्रजीतनं कधी आवाज चढवला, की मथुराबाई भांडत नाहीत. वाती वळता वळता नुसतं भिंतीकडं बोट करतात, आणि गिऱ्हाइकांना म्हणतात, "वाचा की जरा मोठ्यानं. त्याला आयकू येत न्हाय."