उंची सामान

सांगलीतील मुलींच्या एका हायस्कुलाला प्रयोगशाळेसाठी जागा हवी होती, आणि ती मिळाली. जागा म्हणजे संस्थानी अमलातला हत्तीखाना. हत्ती अंबारीसकट आत यावा, अशा बेताने त्याचे छत बांधलेले होते. पुढे संस्थान विलीन झाले, हत्ती वारला, आणि त्याच्या डोक्यावरची रिकामी हवा शिक्षणखात्याकडे वर्ग झाली.

उमाबाई पेंडसे या शाळेत शास्त्र शिकवीत. छताशी त्यांना काही कर्तव्य नव्हते. दिवाळीनंतर इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला येणार होते. तोवर चालती प्रयोगशाळा दिसली नाही, तर मुलींचा शास्त्राचा वर्ग बंद होणार होता आणि मुली पाकशास्त्राकडे जाणार होत्या. पाकशास्त्र हेही एक शास्त्रच आहे, असे खात्याने आधीच कळवून ठेवले होते.

सरकारी कारभार नुकताच मराठीत सुरू झाला होता. खात्याच्या पहिल्याच मराठी परिपत्रकात लिहिले होते, ‘प्रयोगशाळेत उंची सामान बसविण्यात यावे.’

शाळासमितीचे अध्यक्ष नानासो यांनी वाक्य पुन्हा एकदा वाचले आणि मान वर केली. छत बरेच लांब होते.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “एवढ्या उंच जागंत बुटकं सामान शोभत न्हाई. सरकारनं इचार केलाय.”

“नानासो, उंची सामान म्हणजे चांगल्या प्रतीचं. उंची लुगडं म्हणतो, ते काय लांब असतं म्हणून?”

“लुगडं सरकारी नसतं, बाई. तुमी शास्त्र बघा. सरकारचं मराठी आमी बघतो.”

तरी नानासो एकट्याच्या मतावर चालणारे नव्हते. त्यांनी मुंबईला शिकून आलेले सजावटकार अनंत गोगटे यांना बोलावले. गोगटे आल्या आल्या दालनाच्या मधोमध उताणे निजले आणि बराच वेळ छताकडे पाहत राहिले. उठल्यावर त्यांनी विजारीची धूळ झटकली.

“उंच दालनात नजर जमिनीवर रेंगाळता कामा नये. उभ्या रेषा हव्यात. बसकं टेबल इथं अनाथ दिसेल.”

“टेबल कसं दिसतं याला महत्त्व नाही,” उमाबाई म्हणाल्या. “टेबलावरचं मुलींना दिसलं पाहिजे.”

“तुम्ही सुट्या टेबलाचा विचार करता आहात, बाई. मी दालनाचा करतो.”

टेबले आली. दालनात ती खरोखरच शोभत होती. त्यांची कड उमाबाईंच्या कपाळाला लागत होती. उमाबाईंनी टेबले घडवणाऱ्या धोंडिराम सुताराला विचारले, “पाय कापता येतील का हो?”

“कापायला कितीसा येळ? पर सरकारी सामान हाय. करवत लावली की मोडतोड झाली. मोडतोडीला मंजुरी पायजे, आन् झाल्याबिगर मोडतोड मंजूर व्हत न्हाई.”

मग उमाबाईंनी उंच स्टुले मागितली. स्टुलांनी दालनाची रेघ बिघडते, असे गोगट्यांचे मत पडले. शिडी मात्र मुळातच उभी रेघ असल्यामुळे शिड्या मंजूर झाल्या. मुली शिड्या चढू लागल्या, तेव्हा समितीतल्या एका सभासदांना हे पाहवेना. परकरातल्या मुली वर आणि शिपाई खाली, ही कोणती रीत, असे त्यांनी विचारले. शिपायाला बाहेर बसवण्याची तरतूद नव्हती, म्हणून प्रत्येक टेबलाभोवती छतापासून जमिनीपर्यंत पडदे सोडले. गोगट्यांना पडद्यांच्या चुण्या पाहून गहिवरून आले. पडदे आगीला धार्जिणे, म्हणून स्पिरिटचे दिवे पेटवण्यास बंदी झाली. पडद्यांनी काळोख झाला, म्हणून झुंबर आले. झुंबरात काच पुष्कळ असल्याने त्याचा खर्च ‘काचसामान’ या सदरात बसवला, आणि परीक्षानळ्यांसाठी त्या सदरात काही उरले नाही.

वर्गात सगळ्यांत उंच असलेली रंगू कांबळे शिडी न घेता टाचा उचलून टेबलापाशी उभी राहिली.

“बाई, माझं नाक पुरतंय वर. वास घ्यायचं परयोग मी करीन. बाकीचं ह्या बुटक्या बघतील.”

“तुझ्या नाकावर वर्ग पास व्हायचा का गं?” मागून कुणीतरी म्हणाले. उमाबाईंनाही हसू आले, पण ते फार टिकले नाही.

इन्स्पेक्टरसाहेब आले. दारात उभे राहून त्यांनी वर पाहिले, आणि त्यांची मान लवकर खाली आली नाही. मग त्यांनी एखादा प्रयोग दाखवायला सांगितले. दिव्यांवाचून आणि नळ्यांवाचून तो दाखवता येईना. उमाबाईंनी परिपत्रकातला ‘उंची’ हा शब्द त्यांच्यापुढे मांडला.

“अर्थात. उंची म्हणजे उत्तम प्रतीचं,” साहेब म्हणाले. “ते परिपत्रक मीच लिहिलं आहे.”

नानासोंनी टोपी काढून पुन्हा घातली.

“मग टेबलं बदलू या ना साहेब,” उमाबाई म्हणाल्या.

“टेबलं मंजूर होऊन, तपासून दाखल झाली आहेत. तुम्ही शास्त्राच्या. दोन मापं जुळत नसतील तर काय करता?”

“एक बदलतो.”

“कोणतं?”

“जे चुकलं असेल ते.”

“जे सरकारी नसेल ते,” साहेबांनी दुरुस्ती केली, आणि मुलींची उंची मोजून देण्यास सांगितले.

उमाबाईंना खोटे माप घेता येत नसे. त्यांनी मुलींना एकेक करून टेबलाशी सरळ उभे केले, वेण्या बाजूला सारल्या आणि अचूक मापे घेऊन खाली सही केली. साहेबांनी शेरा लिहिला, ‘दालन व सामान उत्कृष्ट. मुलींची उंची शास्त्रास अपुरी.’

“ही मुलगी पुरते आहे,” उमाबाईंनी रंगूला पुढे केले.

“एकीसाठी वर्ग चालवता येत नाही.”

“मग पाकशास्त्राला मी वाकून जाऊ व्हय, सायेब?” रंगूने विचारले.

“तिथं चुली जमिनीवरच असतात,” साहेबांनी आपुलकीने सांगितले. “अडचण पडणार नाही.”

पुढच्या वर्षी साताऱ्याच्या एका शाळेने मुलींसाठी शास्त्राचा वर्ग मागितला. उत्तरादाखल तिला सांगलीच्या शेऱ्याची नक्कल गेली. नक्कल थोडक्यात करायची असल्याने पहिले वाक्य गाळले होते. उमाबाईंनी खात्याला लिहिले, की हे माप एका विशिष्ट टेबलाशी घेतलेले आहे. खात्याने उलट टपाली विचारले, माप चुकले आहे काय? चुकले नव्हते. सहीही त्यांचीच होती.

मुलींच्या उंचीचे ते वाक्य आता कागदावर राहिलेले नाही. ते शिक्षकांच्या खोलीत असते, मुलगी पाहायला आलेल्या मंडळींच्या तोंडी असते, निकालाच्या दिवशी घरोघरी असते. तुम्हीही ते ऐकले असेल. कोणत्या टेबलाशी उभे करून मोजले, एवढे तुम्ही विचारले नसेल.