माहेरपणाला आलेले पैसे

आमच्या शेजारचे गणपतमामा वर्षातून एकदा बँकेतले आपले सगळे पैसे घरी आणायचे आणि त्यांना ओवाळायचे.

पाटावर गड्डी ठेवायची, पुढे निरांजन, वरच्या नोटेला कुंकू. मग वाटीत गव्हाची खीर. ती अर्थात मामाच खायचे. नागपंचमीच्या आदल्या दिवशी पैसे यायचे, पंचमीनंतरच्या दिवशी परत जायचे. खातं जिवंत राहावं म्हणून एक रुपया तेवढा बँकेत ठेवत. बाकी सातशे चाळीस रुपये तीन दिवस माहेरी.

मी तेव्हा कोपरीत नवी लग्न होऊन आले होते. स्वातंत्र्य मिळून दोनतीन वर्षं झाली असतील. आमची चाळ स्टेशनजवळ, आमची खोली आणि मामांची खोली भिंतीला भिंत लागून. मामा मिठागरावर मुकादम होते. उन्हाने आणि मिठाने कातडं तडकलेलं, आवाज मात्र बारीक. एकटेच राहत.

पैसे बँकेत ठेवले असं ते कधी म्हणत नसत. "दिले" म्हणत, मुलगी द्यावी तसे. बँक निवडतानासुद्धा त्यांनी स्थळ बघितल्यासारखी बघितली होती. पहिल्या बँकेत गेले, पाण्याचा माठ रिकामा दिसला, परत आले. "जिथे आल्यागेल्याला पाणी नाही तिथे मुलगी द्यायची नाही." दुसऱ्या ठिकाणचा मॅनेजर त्यांना फार गोड बोलणारा वाटला. तोही नको. शेवटी बाजारपेठेतल्या एका लहानशा बँकेत माठ भरलेला होता आणि मॅनेजर तिरसट होता. मामांनी त्याला विचारलं, "गाव कुठलं तुमचं? भाऊ किती? एकत्र आहात की वेगळे?" तो म्हणाला, "तुम्हाला खातं उघडायचंय की सोयरीक जुळवायचीय?" मामा खूश. सरळ माणसं आहेत म्हणाले आणि पैसे दिले.

त्यानंतर दर शनिवारी जाऊन ते खिडकीतल्या कॅशियरला विचारत, "बरं चाललंय ना आमचं?" तो बिचारा मान हलवी.

चाळीत मामांची सगळ्यात जास्त टिंगल मी करायची. चौथीपर्यंत शिकले होते, पण तोंड मॅट्रिकच्या वर होतं. मी नळावर मामांची नक्कल केली की बायका हसून कळशा विसरत. मला ते आवडायचं.

त्या वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी मामा पिशवी छातीशी धरून आले. आम्ही नळावर होतो. सुमतीबाई म्हणून एक नवी भाडेकरीण महिन्यापूर्वीच आली होती. तिने विचारलं, "हे एवढं काय जपून नेतायत हो?"

मी चेहरा गंभीर केला. म्हटलं, "बँकेतले पैसे. सगळे काढून आणले. तुमचे असतील तर तुम्हीही आणा. परवा तिथे टाळं दिसेल."

बाकीच्या हसल्या. सुमतीबाई हसली नाही. अर्धी भरलेली कळशी उचलून गेली. तिला हाक मारून सांगता आलं असतं की थट्टा होती. मी सांगितलं नाही. तिचा घाबरलेला चेहरा बघून मला आणखी मजा वाटली.

दुसऱ्या दिवशी पंचमी. बँकेला सुट्टी. बोलणं सुमतीबाईकडून रात्रीत गावभर झालं असणार. लोक येऊन बंद दार बघून गेले आणि बंद दार बघितल्यावर त्यांना ते जास्तच खरं वाटलं. त्या काळी लहान बँका बुडायच्या. ठेवीला विमा नव्हता की सरकारची हमी नव्हती. एकदा दार लागलं की रडायचं तेवढं हातात. संध्याकाळी आमचे हे घरी आले तेच म्हणाले, "अगं, ती बँक बुडतेय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतायत."

आता खरी लाजेची गोष्ट सांगते. हे मीच उठवलंय हे मला ठाऊक होतं. तरी मी घाबरले. सगळे म्हणतायत म्हणजे काहीतरी असेल, असं मला वाटलं. पंचमीनंतरच्या दिवशी उजाडायच्या आत मी त्याच बँकेतलं आमचं पुस्तक घेऊन बँकेच्या पायरीवर होते. सातवा नंबर. मागे रांग पार तेलाच्या दुकानापर्यंत. सासूबाईंचे सव्वाशे रुपये त्याच बँकेत होते, पण त्यांचं पुस्तक कल्याणला थोरल्या दिरांकडे. त्यांना आणायला माणूस धाडला होता.

दार उघडलं, रेटारेटी झाली, आणि तेवढ्यात मामा आले. धुतलेलं धोतर, हातात पिशवी. लोकांना वाटलं मध्ये घुसतायत. कुणीतरी ओरडलं, "ओ म्हातारबा, रांग मागे आहे."

"मला काढायचे नाहीत," मामा म्हणाले. "पोचवायला आलोय."

कॅशियर खिडकीतून हळूच म्हणाला, "मामा, आज नको. चार दिवसांनी या." मी पुढेच होते, मला ऐकू आलं. मामांनाही आलं.

ते म्हणाले, "सासरी अडचण आली म्हणून लेक ठेवून घेऊ? एकदा ठेवून घेतली होती. पुन्हा नाही." आणि गड्डी आत सरकवली.

लोक हसले. पण आठदहा जण म्हाताऱ्याचं बघून रांगेतून निघूनही गेले. पैसे भरणारा माणूस आहे म्हणजे बँक धड आहे, असं त्यांना वाटलं असणार. जाता जाता मामांनी मला पाहिलं. म्हणाले, "सूनबाई, नंबर सोडू नकोस. मागची बाई घुसतेय."

मी सोडला नाही. माझी पाळी आली तेव्हा कॅशियरचा गल्ला खाली होत आला होता. त्याने मामांची गड्डी फोडली आणि त्यातले दोनशे मला मोजून दिले. वरच्या नोटेला कुंकू होतं.

दुपारी दोनला जाळीचं दार ओढलं गेलं. ते पुन्हा उघडलंच नाही. थोरले दीर तीनला पोचले. बँक आतून पोखरलेलीच होती, असं पुढे लोक म्हणाले. असेल. पण त्या दिवशी तिला धक्का कुणी दिला ते मला माहीत आहे.

चाळीने मामांना धरलं. ह्याने पैसे काढले म्हणून लोक बिथरले. मामांचे सगळे गेले, तरी राग त्यांच्यावरच. सासूबाई त्यांना रोज वाटीभर आमटी धाडायच्या, ती बंद केली. मामा एवढंच म्हणत, "चुकलं माझं." नळावर हसलेल्या बायकाही गप्प. आणि मी तर गप्पच.

सासूबाई एकदा बडबडता बडबडता म्हणाल्या, "ह्याचं हे असंच. ह्याच्या यमूच्या सासरी कर्ज झालं तेव्हा पंचमीला आलेल्या पोरीला ठेवून घेतलीन. माझी लेक उपाशी राहायला नको म्हणे. त्यांनी दुसरी केली. पोर वर्षभर दाराकडे बघत बसली आणि त्याच्याच खोलीत गेली."

हे ऐकल्यावर मला घरात बसवेना. मी मामांकडे गेले. ते सूप घेऊन तांदूळ निवडत होते. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "मामा, टाळं लागेल असं नळावर मी बोलले होते."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "नळ माझ्या खिडकीखाली आहे. आणि तुझा आवाज काही लहान नाही."

"मग कुणाला बोलला का नाहीत?"

त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला. "तुझ्या सासूचे सव्वाशे गेलेत. तिला कळलं तर ती तुला नांदवेल का? तुला इथे जन्म काढायचाय, पोरी. मला काय, दोन शब्द ऐकून घ्यायचेत."

मी दोनशेतले शंभर पुढे केले. त्यांनी हात लावला नाही. "घरात काय सांगशील, कुठे गेले म्हणून?" एवढंच विचारलं. मी ते परत घेऊन आले.

मामा चार वर्षांनी गेले. सासूबाई त्यानंतर खूप जगल्या. मामांचं नाव निघालं की त्या तोंड वाकडं करायच्या, आणि मी त्यांच्यासमोर बसून भाजी चिरत राहायची.