मुकादमभाईंचा आयत्या वेळचा विषय

प्रिय आर्या आणि निखिल,

परवा फोनवर आर्याने सांगितलं की शाळेच्या विद्यार्थी मंडळावर तिची निवड झाली, आणि त्याच दमात म्हणाली, "बट आजी, द मीटिंग्ज आर सो बोअरिंग!" मी तेव्हा नुसतं अभिनंदन केलं. हे असं फोनवर सांगून होणारं काम नव्हतं. सभा कंटाळवाणी असते हे खरं आहे. पण ती कशासाठी असते, हे मला ज्या माणसाकडून कळलं त्याच्याबद्दल तुम्हाला आत्ताच सांगायला हवं, मंडळाच्या पुढच्या सभेआधी.

मुकादमभाई तुम्हाला आठवत असतील. अबुधाबीला आला होतात तेव्हा ते आपल्याबरोबर समुद्रकाठी कॉर्निशवर आले होते. आइस्क्रीमच्या गाडीपुढे निखिलने हात पुढे केला, तेवढ्यात त्यांनी तो अडवला.

"थांबा. आंबा घ्यावा असं कोण सुचवतं?"

"मी!" निखिल म्हणाला.

"सूचक निखिलराव. अनुमोदक कोण?"

"आय वॉन्ट चॉकलेट," आर्या म्हणाली.

"मग ती दुरुस्ती झाली. दुरुस्तीवर आधी मतदान."

मागे रांग वाढत होती. गाडीवाला म्हणाला, "हबीबी, यल्ला! पीछे लोग खड़े हैं." मुकादमभाईंनी त्याच्याकडे आदराने पाहिलं आणि विचारलं, "आपका वोट किधर?" त्याने वैतागून चॉकलेटकडे बोट दाखवलं. गाडीच्या पत्र्यावर दोन बोटं आपटून मुकादमभाई म्हणाले, "खलास, मंजूर!" निखिल रडणार असं दिसताच त्यांनी 'अल्पमताचा आदर' या सदराखाली आंब्याचा कोनही घेतला. तो मात्र स्वतःच्या खिशातून.

मुकादमभाई मूळचे रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. दुबईच्या अल क्वोजमध्ये इमारतींच्या एसीची देखभाल करणाऱ्या कंपनीत ते सुपरवायझर होते. आयुष्य गेलं ते गच्च्यांवर, तापलेल्या यंत्रांच्या शेजारी. त्यांचं एक वाक्य आमच्यात सगळ्यांना पाठ आहे. कुणी म्हणालं, "मुकादमभाई, एवढ्याशा गोष्टीला कमिटी कशाला, तुम्हीच ठरवा ना," की ते म्हणायचे, "नको. एकट्या डोक्याला एसी नसतो."

ते आमच्या संघाचे सचिव होते आणि मी अध्यक्ष. संघ म्हणजे काय ते सांगते. इथे दिवसभर कामावर असलेल्या माणसांसाठी आम्ही संध्याकाळची आणि सुट्टीच्या दिवसांची कॉलेजं चालवतो. हिशेब, कॉम्प्युटर, बोलण्यापुरतं इंग्रजी आणि अरबी. एक केंद्र अल क्वोजला, एक अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत, बाकीची इतर अमिरातींत. प्रत्येक केंद्राची आपली समिती. त्या समितीतून दोघं मध्यवर्ती कार्यकारिणीवर येतात. कार्यकारिणीखाली अभ्यासक्रमाची, परीक्षेची, शिक्षकांची उपसमिती. आणि मुकादमभाईंच्या कृपेने खुर्च्यांची, फळा पुसायच्या फडक्यांची आणि चहाची.

चहा उपसमितीचं तर बोलायलाच नको. दुधाचा करक की बिनदुधाचा सुलेमानी यावर त्यांची समसमान मतं पडली, निर्णय पुढच्या सभेवर गेला, आणि त्या सभेत सगळ्यांनी पाणी प्यायलं. वसईची फिलोमिना, जी हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे आणि आमच्या शिक्षक उपसमितीची प्रमुख आहे, ती म्हणाली, "अंकल, माझ्या हॉटेलात तीनशे माणसं ब्रेकफास्ट करून जातात तेवढ्या वेळात." मुकादमभाई म्हणाले, "जातात बाई. पण त्यांतल्या एकाला तरी विचारलंय का, काय पाहिजे?"

मग ती आगीची घंटा. अल क्वोजच्या हॉलमध्ये परीक्षेच्या तारखेवर मतदान चाललं होतं, आणि घंटा वाजायला लागली. आम्ही उठलो. मुकादमभाई दारात आडवे. "सभा तहकूब झाल्याशिवाय उठता येत नाही!" इमारतीचा वॉचमन शफीक धावत वर आला आणि ओरडला, "यल्ला, यल्ला, सब बाहर! मीटिंग बंद करो!"

"सूचक शफीकभाई," मुकादमभाई म्हणाले. "अनुमोदक?"

"अनुमोदन!" सगळा हॉल एका सुरात ओरडला, आणि आम्ही जिन्यावरून खाली. आग वगैरे काही नव्हती, खालच्या कॅफेटेरियात कुणीतरी पराठा जाळला होता. पण रस्त्यावर उभं राहिल्यावर मुकादमभाईंचा चेहरा उतरला. शफीक सभासद नव्हता. म्हणजे त्याची सूचना बेकायदा. म्हणजे तहकुबी बेकायदा. म्हणजे सभा अजून चालूच आहे! भर उन्हात फुटपाथवर त्यांनी तीच सभा पुढे चालवली, शफीकला सभासद करून घ्यायचा ठराव मांडला, आणि मग त्याच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं, "मीटिंग बंद करो." शफीक आज सुरक्षा उपसमितीवर आहे, आणि इंग्रजीच्या दुसऱ्या वर्गात.

तुम्ही हसाल. मीही हसायचे. पण एकदा एका सधन गृहस्थाने संघाला चकचकीत जागा देऊ केली. अट एवढीच की अल क्वोजचं केंद्र बंद करून तिकडे हलवायचं. तेव्हाचे आमचे खजिनदार हरखून गेले. फोनवरच "हो" म्हणायला निघाले. मुकादमभाईंनी शांतपणे सांगितलं, "केंद्राचं भवितव्य केंद्र समिती ठरवते. घटनेत तसं आहे." खजिनदार म्हणाले, "अहो, त्या समितीवर निम्मे विद्यार्थी आहेत!" "म्हणून तर," मुकादमभाई म्हणाले. केंद्र समितीची सभा झाली. एका विद्यार्थ्याने उठून सांगितलं की आम्ही राहायच्या जागेवरून चालत येतो, तिकडे गेलात तर आम्ही येऊ शकणार नाही. प्रस्ताव पडला. सधन गृहस्थ रागावले. केंद्र राहिलं. तेव्हा मला कळलं, ज्यांचा आवाज एरवी कुणाच्या कानावर जात नाही, त्यांना बसायला खुर्ची मिळावी म्हणून या माणसाला खुर्च्यांचीसुद्धा समिती लागते.

आता मूळ गोष्ट. मागच्या वर्षी कंपनीने मुकादमभाईंना निवृत्त केलं. आता नोकरीचा व्हिसा संपणार होता. त्यांची मुलगी सकीना मोहम्मद बिन झायद सिटीत राहते. ती म्हणत होती, "अब्बा, माझ्याकडे राहा, तुमची खोली तयार आहे." गावी त्यांचं घर होतं, बंद. बायको झुलेखा गेल्यापासून ते सुट्टीतही तिथे झोपत नसत. भावाकडे उतरत, कबरीवर जाऊन येत, आणि परत विमानात. जायचं की राहायचं, हे कंपनीला कळवायची मुदत जवळ येत चालली होती आणि ते काहीच बोलत नव्हते. सकीनाने मला फोन केला. "आंटी, विचारलं की विषय बदलतात. काल म्हणाले, घरातल्या पडद्यांसाठी समिती नेम."

त्या महिन्याची सभा नेहमीसारखी झाली. मागच्या सभेचं इतिवृत्त, परीक्षा, खुर्च्या. आपल्याकडे कुठल्याही विषयपत्रिकेत शेवटी एक ओळ असते : अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. ती ओळ आली तसे मुकादमभाई उभे राहिले. टाय सरळ केला.

"अध्यक्षांच्या परवानगीने," ते म्हणाले, "सचिवांनी निवृत्तीनंतर कायमचं गावी जावं, असा ठराव मी मांडतो. अनुमोदक?"

कुणी टेबलाकडे बघत होतं, कुणी पेनाचं टोपण काढत-घालत होतं. त्यांना जा म्हणणारा हात कुणाला वर करायचा नव्हता.

"अनुमोदक नसेल तर ठराव पडला," ते म्हणाले. तसं म्हणताना त्यांना हायसं वाटलं की वाईट वाटलं, मला सांगता येणार नाही. पण ते खाली बसेनात.

फिलोमिना वैतागली. "अंकल, हे काय आहे? घर तुमचं, मुलगी तुमची. आम्ही कोण जा किंवा राहा म्हणणारे? यू डिसाइड."

"तेच होत नाही ना, बाई," मुकादमभाई म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. असं सांगितलं, जणू एखादा जुना अहवाल सादर करताहेत.

"मी गच्चीवर कामाला होतो. जुलै महिना. भावाचा फोन आला, झुलेखाला एकदम त्रास झालाय. डॉक्टर विचारतात, इथेच ऑपरेशन करायचं की मुंबईला न्यायचं? आत्ता सांगा. मी म्हटलं, कुणाला तरी विचारतो. ते म्हणाले, वेळ नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं. यंत्रं होती नुसती. मी म्हटलं, मुंबईला न्या." त्यांनी टाय सैल केला. "वाटेतच गेली. डॉक्टर नंतर म्हणाले, इथे ठेवली असती तरी सांगता आलं नसतं. असेल. पण मॅडम, त्या ठरावाचा सूचकही मी आणि अनुमोदकही मी. दुसऱ्या कुणाचंच नाव नाही त्याच्यावर."

इतकी वर्षं आम्ही त्या एसीच्या वाक्याला हसत आलो होतो.

शफीक दाराशी उभा होता. त्याला सगळं मराठी समजलं नसेल, पण पुरेसं समजलं असावं. तो म्हणाला, "मुकादमसाब, घर जाने से डर लगता है?"

"लगता है," मुकादमभाई म्हणाले.

"जाना है?"

मुकादमभाईंनी नुसती मान हलवली. हो अशी.

फिलोमिनाने डोळे पुसले आणि हात वर केला. "मॅडम प्रेसिडेंट, मी दुरुस्ती सुचवते. सचिवांनी गावी जावं. पण सचिवपद सोडू नये. दर सभेला ऑनलाइन हजर राहावं. आणि सकीनाने पहिला महिना त्यांच्याबरोबर जाऊन राहावं, त्यांना तिथे एकट्याने झोपू देऊ नये."

"सकीना सभासद नाही," मुकादमभाई हळूच म्हणाले.

"मग तिलाही करून घ्या!"

"अनुमोदन," शफीक म्हणाला. या वेळी त्याला कुणी विचारलंही नव्हतं. मी मत विचारलं आणि हॉलमधला प्रत्येक हात वर गेला. मुकादमभाईंनी टेबलावर आपटायला दोन बोटं उचलली, पण ती तशीच हवेत राहिली. शेवटी मीच टेबलावर बोटं आपटली आणि म्हटलं, "खलास, मंजूर."

ते गेले. सकीना बरोबर गेली. पहिल्या ऑनलाइन सभेत ते पडवीत बसलेले दिसले, शर्ट इस्त्रीचा, खाली मात्र बहुधा लुंगी. मागे उघडं दार आणि दारातून दिसणारा पलंग. फिलोमिनाने विचारलं, "अंकल, पडदे कुठले लावले?" ते म्हणाले, "उपसमितीचा अहवाल यायचाय." मग म्हणाले, "झुलेखाच्या आवडीचे लावले. बहुमताने."

आर्या, सभेचा एक नियम आहे. सभा आपोआप संपत नाही. ती संपवावी असं कुणीतरी सुचवावं लागतं, दुसऱ्याने त्याला अनुमोदन द्यावं लागतं. विषय आटोपले तरी आम्ही ते सुचवत नाही. कुणी मुकादमभाईंना गावच्या पावसाचं विचारतं, कुणी खाडीतल्या माशांचं, शफीक आपलं नवीन इंग्रजी त्यांच्यावर वापरून बघतो. मुकादमभाई घड्याळाकडे बघतात, पण गडबड करत नाहीत. असं बरंच चालतं. तुझ्या मंडळात कुणी विनाकारण बोलत बसलं, तर आधी बघ, त्याच्याशी बोलायला घरी कुणी आहे का.

अल क्वोजचं केंद्र चालू आहे. चहाचा निर्णय अजून झालेला नाही. दर महिन्याची सभा भरते, आणि ती संपवायचा ठराव अजून मुकादमभाईच मांडतात.

तुमची आजी