उतार फुकट हाय

एकनाथने ऑइलची पट्टी बाहेर काढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली आणि उजेडाकडे धरून म्हणाला, "खाल्लं. परत खाल्लं."

नलू पिकअपच्या हौद्यात बोंबलाच्या पाट्या रचत होती. तिने वर पाहिलं नाही. ही बातमी ती हल्ली रोज ऐकत होती, आणि रोजच्या बातमीसाठी हात थांबवायची गरज नसते.

"मी काय बोलतो?"

"ऐकलं. गाडीनं तेल खाल्लं. वता आणि चला. बाजार भरला असंल."

एकनाथने कॅन तिरका केला. पट्टीवरच्या खुणेपर्यंत तेल चढलं, तेव्हा त्याने बॉनेट आपटलं, पुढच्या चाकांखालचे दोन दगड पायाने सरकवले आणि धावत जाऊन स्टिअरिंगवर बसला. गाडी आपोआप खाली निघाली. थोडी घसरल्यावर त्याने गिअर टाकून क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला, इंजिन सुरू झालं आणि मागे निळ्या धुराचा लोट उठला. त्या लोटातून चालत नलू गाडीपर्यंत आली आणि पदर नाकाला लावून शेजारी बसली.

गाडी सुरू करायची ही पद्धत एकनाथची स्वतःची होती. बॅटरी म्हातारी झाली होती. किल्ली फिरवली की एकदा खोकायची आणि गप्प व्हायची. आधी आळीतले चारजण गोळा करून धक्का मारावा लागे. मग एकनाथच्या लक्षात आलं, की घरापासून बंदराकडे जाणारा रस्ता चांगला उताराचा आहे. तेव्हापासून गाडी तिथे तोंड खाली करून उभी असे. नवी बॅटरी घ्या असं कुणी म्हटलं, की त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "बॅटरीला पैसे पडतात. उतार फुकट हाय." नवापूरच्या त्या आळीत ही आता म्हणच झाली होती. न बोलावता कुणी जेवायला येऊन बसलं, तरी लोक एकमेकांकडे बघून म्हणत, "उतार फुकट हाय."

गाडी उतारावर उभी राहू लागली आणि गाडी तेल खाऊ लागली, या दोन गोष्टी एकाच सुमारास घडल्या. पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाला वाटलं नाही. उतार पायाखाली, तेल इंजिनात.

बोईसरच्या गॅरेजवाल्याने तर बॉनेटही उघडलं नव्हतं. धूर बघितला आणि लांबूनच सांगून टाकलं, "सेठ, इंजन काम पे आया है. रिंगा गेल्या. खोलना पडेगा." मग त्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून एकनाथ तिथल्याच एका टायरवर बसला. घरी आल्यावर म्हणाला, "हा कॅन शेवटचा. हा संपला आणि तरी पट्टी खाली गेली, तर गाडी इकली. मेहुलला सांगून ठेवतो."

मेहुल बोईसरला जुन्या गाड्यांची दलाली करायचा.

गाडी एकनाथची होती, पण गाडीमुळे मिळालेली बाजारातली जागा नलूची होती. बोईसरच्या मासळी बाजारात फाटकाजवळ भेंडीचं, म्हणजे भाजीचं नव्हे, किनाऱ्यावरचं डेरेदार झाड आहे. त्याच्या सावलीतला कोपरा म्हणजे बाजारातली सगळ्यात चांगली जागा. कॉलनीतून आणि कंपन्यांतून येणारं गिऱ्हाईक आत शिरलं की पहिली पाटी तिथलीच दिसते, आणि दुपारपर्यंत बर्फ टिकतो. टमटमने यायची तेव्हा नलूला कधी तिथे बसायला मिळालं नाही. मुरब्याची जमुना तिथे पाय पसरून बसलेली असायची. स्वतःची गाडी आल्यावरही सुरुवातीला दोघींना तो कोपरा वाटून घ्यावा लागला, कोपराला कोपर लावून, एकमेकींचं गिऱ्हाईक ओढत. पण गेले काही महिने जमुना स्वतःहून लांब, उन्हात, पलीकडच्या ओळीला बसत होती. नलूने याचा अर्थ एकच लावला होता. गाडीवाल्या बाईपुढे तिने हात टेकले होते.

गाडी गेली की पुन्हा टमटम, पुन्हा ऊन आणि झाडाखाली जमुना. नलूने विचार केला. एकनाथ पट्टी बघतो. पट्टी खाली गेली तर गाडी विकतो. म्हणजे पट्टी खाली जाता कामा नये. बस, एवढंच.

तिने शेजारच्या पाम गावाजवळच्या दुकानातून गुपचूप एक कॅन आणला आणि सुकटीच्या मोठ्या डब्यात खाली दडवला. दुपारी बाजारातून आल्यावर एकनाथ जेवून घोरू लागला, की ती उतारावर जायची, पट्टी बघायची आणि खुणेपर्यंत ओतायची.

सकाळी एकनाथ पट्टी काढून बघत राहिला.

"नाय खाल्लं."

"बघा. उगाच बिचारीला नावं ठेवत होते."

"सुकटीला आज ऑइलचा वास येत होता, नाय?"

"गाडीतनं येते ना सुकट. मंग कसला येणार, मोगऱ्याचा?"

योजना उत्तम चालली होती. एकच अडचण होती. धूर कमी होईना, उलट वाढला. आता गाडी गावातून निघाली, की मागे निळा पट्टा पार वळणापर्यंत राहायचा. सायकलवाले उतरून उभे राहायचे. एकनाथ रोज पट्टी काढायचा, भरलेली बघायचा आणि आणखी गंभीर व्हायचा.

"तेल खात नाय, मंग जाळते काय?" एका रात्री जेवताना त्याने विचारलं.

"डिझेल जाळत असंल."

"डिझेलचा धूर काळा. हा निळा हाय. निळा तेलाचाच. पण तेल तर हाय तेवढंच हाय." त्याने घास खाली ठेवला. "नलू, हे काय तरी भलतंच हाय. खाणारी गाडी समजते. न खाता जाळणारी नाय समजत. मी मेहुलला बोलावलंय. परवा दुपारी येतो बोलला."

नलूने भाताकडे पाहिलं. गाडी वाचवायला तिने जे केलं होतं, त्यानेच ती विकायला निघाली होती.

आता तिने उलट्या बाजूने विचार केला. मेहुल दलाल. गाडी बघायला आला की तोही आधी पट्टीच काढणार. पट्टी कोरडी निघाली, तर? तेल पिऊन टाकणारी गाडी कोण घेईल? मेहुल परत जाईल आणि मग एकनाथला कसंही समजावता येईल.

तेल काढायचं तर माणूस तयारच होता. बन्सी, तिचा धाकटा दीर. बन्सीची होडी होती, आणि होडीच्या लाकडाला किडा लागू नये म्हणून त्याला जळकं ऑइल फासायचं होतं. गाडीचं तेल बदललं की जळकं मला द्या, असं तो कधीपासून सांगत होता. पण तेल खाणाऱ्या गाडीचं तेल बदलणार कोण?

मेहुल यायच्या दिवशी दुपारी एकनाथ घोरू लागताच नलूने बन्सीला हाक मारली.

"भावजी, जळकं पायजे ना? काढा. पण अर्धंच."

"दादा?"

"दादा झोपलेत. झोपलेल्या माणसाला कशाला इचारायचं?"

बन्सीला हे पटलं. तो पाना घेऊन गाडीखाली शिरला. चेंबरचा बोल्ट सुटल्याचा आवाज आला, मग एक शिवी ऐकू आली, मग बराच वेळ नुसती धार.

"भावजी, बास!"

"बोल्ट सटकला हातातनं, वैनी! सापडत नाय! कॅन भरला, दुसरं कायतरी द्या!"

नलूने बर्फाची बादली दिली. तिच्यातही बरंच पडलं, तेव्हा कुठे बोल्ट सापडला. बन्सी कोपरापर्यंत काळा होऊन बाहेर आला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"वैनी, कोण बोलतं ही गाडी उपाशी हाय? दोन होड्या होतील एवढ्यात!"

नलूने पट्टी काढली. टोकालासुद्धा तेल नव्हतं. तिला वाईट वाटलं. तिने बॉनेटवरून हात फिरवला. "जरा कळ काढ," ती गाडीला म्हणाली, "मेहुल गेला की देते."

एकनाथ उठला तो थेट कॅन शोधत. "मेहुल यायच्या आधी थोडं टाकून ठेवतो."

"काय नको!" नलू दारात आडवी झाली. "घेणाऱ्याला फसवायचं? हाय तशी दाखवा. पाप लागतं."

एकनाथने बायकोकडे जरा आदराने पाहिलं आणि कॅन खाली ठेवला.

मेहुल पांढरा शर्ट घालून स्कूटरवर आला. त्याच्या धंद्याचा एक नियम होता, घ्यायच्या गाडीला चांगलं म्हणायचं नाही. त्याने टायरला लाथ मारली आणि च्च-च्च केलं. पत्र्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "खारी हवा. सगळा सडलाय." नलू तो बॉनेट कधी उघडतो याची वाट बघत होती. पण तो म्हणाला, "आधी चालवून बघू."

"पट्टी बघा की आधी," नलू म्हणाली.

"बघू मावशी, इंजिन गरम झाल्यावर."

दगड निघाले. गाडी घसरली, आचका बसला, इंजिन सुरू झालं. नलू लगबगीने मागे हौद्यात चढली, पामहून बर्फ आणायचाय असं सांगून. तिला धूर बघायचा होता. कोरड्या इंजिनाचा धूर कसला भयंकर येईल, असं मनाशी म्हणत ती मागे वाकली.

धूर नव्हता. गाव गेलं, वळण गेलं, ताडाची रांग गेली. मागे रस्ता स्वच्छ दिसत होता, कडेला वाळत घातलेल्या जाळ्यांसकट. नलूने एवढ्या महिन्यांत तो रस्ता मागे वळून पहिल्यांदाच नीट पाहिला.

पामच्या अलीकडे सपाट रस्त्यावर मेहुलने गाडी थांबवली. एक्झॉस्टशी रुमाल धरला, इंजिन जोरात रेटलं, रुमाल बघितला. मग गाडी बंद केली, थोडा वेळ जाऊ दिला आणि पट्टी काढली. नलूने चेहरा दुःखी करायची तयारी केली.

"दोन खुणांच्या बरोबर मधोमध," मेहुल म्हणाला. आणि मग, नियम विसरून, "काका, एक नंबर इंजिन आहे!"

मेहुलला आपण काय म्हणालो ते कळलं, पण उशिरा.

"मंग तो धूर?" एकनाथने विचारलं.

"तेल कुठं बघता? त्या उतारावरच?"

"मंग कुठं? गाडी तिथंच असते."

मेहुलने कपाळाला हात लावला. "गाडीचं तोंड खाली, तर तेल पुढं जाणार. पट्टी मागच्या बाजूला. ती कमीच दाखवणार. तुम्ही ओतता. जास्तीचं तेल इंजिन जाळणार, निळा धूर. जळलं की पट्टी परत खाली. तुम्ही परत ओतता." तो थांबला. "पण आज बरोबर आहे. आज कसं बरोबर आहे?"

नलू ताडांकडे बघत होती.

"मेहुलभाय," एकनाथ म्हणाला, "गाडी इकायची नाय."

"काका, मी एवढ्या लांब आलो!"

"तूच एक नंबर बोललास. एक नंबर गाडी कोण इकतं?"

त्यानंतर कळलं, की सपाट रस्त्याला उतार नसतो. एकनाथने किल्ली फिरवली, बॅटरी एकदा खोकली आणि गप्प झाली. मेहुल आणि नलूने मागून धक्का मारला. गाडी सुरू झाली तेव्हा पांढरा शर्ट पांढरा राहिला नव्हता. "आधी बॅटरी घ्या!" मेहुल मागून ओरडला. दुसऱ्याच दिवशी एकनाथने खरोखर बॅटरी घेतली. गाडी बन्सीच्या सपाट अंगणात, होडीशेजारी उभी राहू लागली.

नव्या बॅटरीच्या पहिल्या सकाळी नलू राणीसारखी बाजारात आली. एकनाथने नेहमीप्रमाणे गाडी मागे घेत भेंडीच्या झाडापर्यंत आणली, पाट्या उतरवल्या आणि गेला. नलू बोंबील मांडत होती, तेवढ्यात शेजारी एक पाटी धपकन बसली.

"सरक जरा, नलूबाय."

जमुना होती. तिने पाय पसरले, कोपर नलूच्या कोपराला लावलं आणि झाडाकडे बघून समाधानाने श्वास घेतला.

"झाली वाटतं गाडी बरी?"

"झाली की."

"बरं झालं बाय. रोज तोंडावर धूर सोडत यायची. डोळं चुरचुरायचं, खोकून खोकून जीव जायचा. म्हणून तर त्या मेल्या उन्हात बसले एवढं दिस." मग समोर बघून तिने आवाज चढवला. "ओ भैया! बोंबील ले लो, ताजा है! उधर मत देखो, इधर देखो!"

भैया नलूच्या पाटीकडेच बघत होता. हाक ऐकून तो जमुनाच्या पाटीकडे वळला.

त्या दिवशी नलू अर्धे बोंबील परत घेऊन आली.

संध्याकाळी एकनाथ अंगणात पट्टी हातात घेऊन उभा होता. ती त्याने तिच्यासमोर धरली. "बघ. एक थेंब नाय खाल्ला."

"एकसुद्धा नाय?"

"एकसुद्धा नाय. आता धूर कसला असतो, हे इसर तू."

नलूने पट्टी त्याच्या हातातून घेतली. मग मायेने म्हणाली, "अवो, तुमाला सकाळी किती कामं असतात. उद्यापासनं तेल मी बघत जाईन."

एकनाथला भरून आलं. "जमेल तुला?"

"न जमायला काय झालं," ती म्हणाली आणि आत गेली. तिने सुकटीच्या डब्यात हात घालून चाचपून पाहिलं. कॅन अजून अर्धा होता.