दुधीची मोहीम व उरलेल्या अन्नाची हकीकत

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. आधी नमन पोटास, कारण थोरांनी क्रमच तसा लावून दिला, मग नमन चुलीस, आणि त्यामागोमाग नमन त्या सर्वांस, जे ताटावर बसून "आज काय आहे?" ऐसे पुसतात आणि उत्तर ऐकून गप्प होतात. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, बुधवार, ते दिवसापासून तीन महिने तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांच्या राज्यात जे वर्तमान वर्तले ते येणेप्रमाणे.

राज्य लहान, परंतु खाण्यापिण्यास सुखी. गादीवर हेमंतराव, सायंकाळी कचेरीतून येत आणि येताना काही ना काही पुड्यात बांधून आणीत. त्यांच्या मातोश्री मनोरमाबाई, ज्यांस थोरल्या आईसाहेब म्हणत, वय चौऱ्याहत्तर, दात शाबूत, देवघर आणि कोठीचे डबे दोन्ही त्यांचे ताब्यात. कन्या शाल्मली, वय तेरा. आणि कारभार अवघा हेमंतरावांच्या पत्नी रेवतीबाईसाहेब यांचे माथी, म्हणजे पहाटे पाचास उठावे, डबे भरावे, मग वाचनालयात जाऊन दुपारपर्यंत लोकांस पुस्तके द्यावी, आणि घरी येऊन पुन्हा चूल. ते समयी शाळेत मुलांची तपासणी जाहाली आणि शाल्मलीचे मानेवर मागल्या बाजूस काळसर पट्टा दिसला, हा मळ नव्हे, साखर वाढल्याची खूण असू शकते, ऐसे तपासणाऱ्या बाईंनी चिठ्ठीत लिहिले, तरी थोरल्या आईसाहेबांनी आठ दिवस तो डाळीच्या पिठाने घासून पाहिला, आणि पट्टा हटेना, मग राजवैद्याकडे जाऊन रक्त काढिले. तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीचा आकडा निघाला सहा पूर्णांक दोन. राजवैद्य चष्मा पुसत बोलिले, "शुगर झालेली नाही, पण दारात येऊन उभी आहे. तीन महिने देतो. घरातलं खाणं बदला. उतरली तर उत्तम, नाही उतरली तर गोळी सुरू करावी लागेल." तेव्हा बाईसाहेबांच्या डोळ्यांपुढे कैलासवासी सासरे उभे राहिले, ज्यांनी याच व्याधीस आधी पायाचे बोट दिले, मग पाऊल दिले, आणि शेवटली दोन वर्षे खाटेवरून "आज गोड काय केलंय?" ऐसे पुसत राहिले, आणि ती जखम रोज बाईसाहेबांनी धुतली होती. त्यांनी लेकीचा हात धरिला आणि दवाखान्याचा जिना उतरल्या.

दुसरे दिवशी फर्मान सुटले. मैदा हद्दपार, खारी आणि टोस्ट हद्दपार, चहातील साखर निम्मी, फरसाणाचा डबा घराबाहेर, आणि रात्री ज्वारीची भाकरी व एक हिरवी भाजी, आणि हे सगळ्यांनी खावे, पोरीस वेगळे ताट वाढून तिला आजारी म्हणवू नये. हेमंतराव बोलिले, "अगं, पण मी तर ठणठणीत आहे." बाईसाहेब बोलिल्या, "अहो, शर्टाच्या खालच्या बटणाला विचारा एकदा." मग हेमंतरावांनी फरसाणाचा डबा वाटून टाकण्यास म्हणोन कचेरीत नेला, आणि तो तेथे त्यांच्याच टेबलाच्या खणात मुक्काम करून राहिला, ही खबर राज्यास पुष्कळ दिवस नव्हती.

पहिली लढाई दुधीची. बाईसाहेबांनी दुधी चिरिला, हरभऱ्याची डाळ घातली, तेल चमच्याने मोजिले, आणि सगळी मंडळी ताटावर आली. शाल्मली भाजीकडे पाहोन बोलिली, "आई, ही शिजलीये की रडलीये?" हेमंतराव बोलिले, "वाईट नाही गं. दवाखान्यात असंच देतात." थोरल्या आईसाहेब बोलिल्या, "दुधी चांगलाच असतो. आम्ही हलवा करायचो." आणि सगळ्यांनी दोन दोन घास घेऊन शस्त्रे खाली ठेविली. कढईत निम्मी भाजी उरली, पोरीचे ताटात उरली ती वेगळीच. आता थोरल्या आईसाहेबांचा नेम ऐसा की, बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी रेशनच्या लाल ज्वारीची भाकर खाल्ली, तीही निम्मी दिरास देऊन, आणि ते दिवसापासून त्यांच्या राज्यात शीत टाकणे नाही. "रेवती, टाकू नको हं ते. लाव मार्गी," ऐसे त्या हात धुताना बोलिल्या. फ्रीजमध्ये ठेवावे तर उद्या शिळे कोणी हात लावणार नाही. मग बाईसाहेबांनी कढई ओट्यावर ओढिली आणि उभ्यानेच, पदर खोचून, एका भाकरीशी निम्मी आणि दुसऱ्या भाकरीशी उरलेली, ऐसे दुधीस मार्गी लाविले. त्याआधी त्यांचे स्वतःचे जेवण जाहाले होते की नाही, याचा उल्लेख कोठे मिळत नाही.

यानंतर मेथी आली, मग दोडका आला, मग पालक आला, मग पडवळ आला, आणि प्रत्येकाची गत एकच जाहाली. कारले आले ते दिवशी हेमंतरावांस कचेरीत अचानक काम निघाले. एका प्रतीत ऐसे आहे की, त्या संध्याकाळी बाईसाहेब ओट्यापाशी रडल्या. दुसऱ्या प्रतीत, कांदा चिरीत होत्या.

मग मार्गशीर्ष लागला आणि मोठी चूक घडली. बाईसाहेबांनी कोठेसे ऐकिले की आठवड्यातून एक दिवस पोट हलके ठेवावे, आणि थोरल्या आईसाहेबांपाशी गोष्ट काढिली, "आई, गुरुवारी सगळ्यांनी थोडं कमी खाल्लं तर?" थोरल्या आईसाहेबांचा चेहरा उजळला. "अगं, मार्गशीर्षातला गुरुवार! मग सगळे उपासच धरू. मी बघते सगळं, तू जा निवांत." बाईसाहेबांस वाटले, शत्रूचा किल्ला आपणहून हाती आला, आणि त्या तीन महिन्यांत पहिल्यांदा हलक्या पायाने वाचनालयात गेल्या. दुपारी परत येऊन पाहतात तो ओट्यावर साबुदाण्याची खिचडी पातेलेभर, शेजारी रताळ्याचे काप तुपात परतलेले, बटाट्याचा कीस, दाण्याचे लाडू, आणि शाल्मली हात पुसत, "आई, उपास रोज का नाही करत आपण?" बाईसाहेब दारातच थबकल्या. "आई, हे काय हो?" थोरल्या आईसाहेब निष्पाप मुद्रेने बोलिल्या, "उपासाचंच आहे गं सगळं. एक दाणा धान्याचा नाही." आणि संध्याकाळी उपास सोडावयास देवीस नैवेद्य, त्यात खीर, आणि प्रसादास नाही म्हणणार कोण. (येथे कागदास तुपाचा डाग पडून चार ओळी गेल्या. लागते ते इतकेच: "...पुन्हा साबुदाणा... चारही गुरुवार... देवी प्रसन्न जाहाली असावी...")

पहिल्याच गुरुवारी वाटीभर खीर उरली. टाकावी तर देवीचा प्रसाद, ठेवावी तर पोर शाळेतून येताच फ्रीज उघडील, आणि मग तीन महिन्यांचे काय. बाईसाहेबांनी वाटीकडे पाहिले, दरवाजाकडे पाहिले, आणि खीर स्वतः पिऊन टाकिली, जैसे शत्रूचे हाती लागू नये म्हणोन आपलीच कोठी जाळावी. पुढे हीच रीत पडली. शेजारच्या वाढदिवसाचा केक आला, तो पोरीचे दृष्टीस पडण्याआधी बाईसाहेबांनी ओट्यामागे मार्गी लाविला. हेमंतराव विसरून जिलबी घेऊन आले, तीही तैसीच गेली. कोणी विचारले तर म्हणत, "होतं थोडंसं, संपलं."

परंतु मोहीम अगदीच बुडाली ऐसेही नव्हे. पौषात एके सकाळी मुगाचे धिरडे केले, त्यात किसलेले गाजर लपविले, आणि शाल्मली काही न बोलता तीन खाऊन उठली. बाईसाहेबांनी ते वर्तमान कोणास सांगितले नाही, दृष्ट लागेल म्हणोन, आणि आनंदाच्या भरात सलग आठ दिवस धिरडीच केली, तेव्हा नवव्या दिवशी बंड जाहाले. "आई, मी आता मूग होणार आहे," ऐसे कन्या बोलिली. मग आंबोळी आली, उसळ आली, डब्यात बिस्किटांचे जागी भाजलेले चणे आले. संक्रांतीस तह जाहाला. बाईसाहेब बोलिल्या, "तिळगूळ एक." "एक म्हणजे एकच?" "एकच." "रोज एक?" "वर्षाला एक." "आई, हा अन्याय आहे, आजीला सांगते." "आजीलापण एकच." थोरल्या आईसाहेब आतून ओरडल्या, "मला कशाला मध्ये घेता!" अखेर दोनावर सही जाहाली. परंतु हळूहळू, कोणी दवंडी न पिटता, पोर शाळेतून येऊन डबा हुडकीनाशी जाहाली, आणि एके दिवशी खारीचे दुकान ओलांडून आली, आणि आपण ओलांडून आलो हे तिच्या ध्यानातही नव्हते. बाईसाहेब मात्र दुपारी बसल्या जागी डुलकी घेऊ लागल्या आणि तांब्यावर तांब्या पाणी पिऊ लागल्या, आणि म्हणत की हिवाळ्यातही आताशा ऊन फार.

माघ वद्य पंचमीस मुदत भरली. खासा स्वारी सहकुटुंब राजवैद्याकडे गेली, थोरल्या आईसाहेबही गेल्या, कारण घरी बसून त्यांच्याने राहवेना. आकडा आला पाच पूर्णांक सहा. राजवैद्य बोलिले, "वा! गोळी नको. हे असंच चालू ठेवा." हेमंतरावांनी लेकीचे पाठीवर थाप दिली, लेक बोलिली, "म्हणजे आता पाणीपुरी?", आणि बाईसाहेब खुर्चीत मागे टेकल्या, त्यांचे हात मांडीवर पडले, आणि राजवैद्याची नजर त्यांच्या बोटावरील पट्टीकडे गेली. "हे काय?" "विळीवर कापलं." "कधी?" "झाले असतील... वीसेक दिवस." राजवैद्य आकड्याचा कागद खाली ठेवून बोलिले, "उघडा बघू." जखम ओली होती. मग त्यांचेही रक्त काढिले आणि दुसरे दिवशी आकडा आला आठ पूर्णांक एक.

त्या दिवशी राजवैद्याचे खोलीत जे बोलणे जाहाले ते शब्दशः देत आहे. "हे तीन महिन्यांचं नाही, जुनं असणार. तुमचं कोणी तपासलंच नाही. पण या तीन महिन्यांत वाढलंय. तुम्ही काय जेवता?" "मी ना, सगळ्यांचं झालं की जेवते." "काय पण?" बाईसाहेब बोलिल्या, "उरलेलं." हेमंतराव बोलिले, "उरलेलं म्हणजे कितीसं असतं गं?" तेव्हा बाईसाहेब मोजू लागल्या, त्यांस वाटले दोन जिनसांत आटपेल, परंतु दुधी निघाला, मेथी निघाली, चार गुरुवारची खीर निघाली, केक निघाला, जिलबी निघाली, बंडाच्या दिवशीची सहा धिरडी निघाली, आणि मोजता मोजता त्यांचा आवाज लहान होत गेला, जैसे कोणी चोरीचा कबुलीजबाब देत आहे. हेमंतरावांनी मान खाली घातली. दुसरे दिवशी त्यांच्या कचेरीच्या खणातला फरसाणाचा डबा शिपायाने घासून परत दिला, इतकेच कळते.

बोलणे जाहाले त्याच रात्री जेवण झाकले होते ते उघडिले, पुन्हा दुधीच. मंडळी मुकाट जेवली, थोडी जास्तच जेवली, लाजेने असेल, तरी कढईत भाजी उरली. बाईसाहेब सवयीने उठल्या, कढई ओढिली, आणि भाकरीचा तुकडा मोडिला. तो थोरल्या आईसाहेब मागून आल्या आणि कढईचा कान धरिला. "सोड." "आई, थोडीशीच आहे, वाया जाईल." "सोड म्हणते ना." मग ज्यांनी बावन्न वर्षांत शीत टाकिले नव्हते त्या थोरल्या आईसाहेब ओल्या कचऱ्याच्या बादलीपाशी गेल्या, पायाने झाकण उघडिले, आणि कढई पालथी केली. दुधीचे तुकडे पडले त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकिला. त्यांनी बादलीस हात जोडिले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या, आणि मग वळून सुनेस बोलिल्या, "ह्यांचा पाय गेला तेव्हा मी होते गं. तू धुवायचीस, मी दाराआड उभी राहायचे. माझ्याच्याने बघवायचं नाही." आणि पुढे, "दुधी उद्याही मिळेल. बस तू. ताट घेऊन बस." शाल्मलीने खुर्ची ओढिली. बाईसाहेब बसल्या, आणि बसल्यावर हातांचे काय करावे हे त्यांस कळेना, म्हणोन ते ताटाच्या दोन बाजूंस ठेविले. शाल्मलीने एक भाकरी वाढली, गरम, कोणाचीही उरलेली नव्हे. थोरल्या आईसाहेब समोर बसोन राहिल्या, शेवटचा घास होईपर्यंत.

एकूण हकीकत इतकीच. तीन महिन्यांत एकीची साखर उतरली, एकीची चढली, एक व्रत मोडिले. गोळी आली ती आईस, पोरीस नव्हे. उद्यापासून दुधी अर्धा आणावा, ऐसे सर्वानुमते ठरले. वाचणारांनी आधी जेवून घ्यावे.