इनासकाकांचा बाक-सिद्धांत

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत इनासकाका लिफ्टमध्ये शिरले की नवी जोडपी बाहेर पडत. नवव्या मजल्यावरचं एक जोडपं तर वर्षभर जिनेच चढलं. बायको इतकी सडसडीत झाली की एकदा नवऱ्याने तिला पाहुणी समजून चहा विचारला.

कारण काकांचा एकच प्रश्न: "मग, कधी?"

काका मूळचे वसईचे, कट्टर कॅथलिक. आजोबांना अकरा मुलं. आजी जेवायला हाका मारू लागली की अकराव्याचं नाव येईपर्यंत पहिल्याला पुन्हा भूक लागायची म्हणे. यातून काकांनी सिद्धांत काढला होता: माणसाची श्रद्धा मोजायची तर चर्चमधला त्याचा बाक बघावा. "बाक भरला तर श्रद्धा. अर्धा भरला तर नोकरी. दोघंच बसली तर घरी कुत्रा." मला एकच मुलगा आहे म्हटल्यावर त्यांनी खांद्यावर हात ठेवून माझं सांत्वन केलं होतं. दिल्लीतले फ्लॅट, शाळांच्या फिया सांगायला गेलो, तर म्हणाले, "बिल्कुल. पण देवाला विचारलंत का?"

या सिद्धांताला छेद देणारी एकच व्यक्ती होती, तीही त्यांच्याच घरातली. मुलगी शेरन. नोएडात नोकरी, रोज सकाळी चर्चमध्ये मिस्सा, रविवारी पोरांना धर्मशिक्षण. तिच्यापुढे फादरसुद्धा जपून बोलत. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. लोक विचारत, बापही विचारी. मग तिने माहेरी येणंच कमी केलं. आली तरी जेवून लगेच निघायची.

या नाताळला ती नवऱ्यासोबत जेवायला आली. आम्हीही होतो. चर्चच्या कॉयरमध्ये गाणाऱ्या फिलूमावशींनी मटण वाढून घेता घेता काकांचीच चाल उचलली. "काय शेरन, तुमचा बाक कधी भरणार? देवावर भरवसा कमी पडतोय का?"

शेरनने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"फिलू," काका म्हणाले, "हिच्याएवढी श्रद्धा ना तुझी, ना माझी. गणित माझं चुकलंय. तिला नको विचारू."

एवढ्या हळू आवाजात बोललेले काका मी प्रथमच ऐकले.

जेवणं झाली. शेरनने चप्पल शोधली नाही. नवऱ्याकडे एकदा बघून वडिलांना म्हणाली, "पप्पा, आज आम्ही इथेच राहू?"

आतल्या खोलीतल्या पलंगावर आठवडाभराचे धुतलेले कपडे पडले होते. काका उठून आत गेले आणि एकेकाची घडी घालू लागले.